सायकलच्या साखळीचें आयुष्य



ज्यांच्या घरीं सायकल आहे त्यांनीं केव्हां ना केव्हां दुकानदाराच्या तोंडून एक वाक्य ऐकलेलें असतें: "साहेब, चेन ताणली आहे, बदलावी लागेल." या वाक्याचा उत्तरार्ध बहुधा खरा असतो, पूर्वार्ध मात्र खरा नसतो. साखळी ताणली जात नाहीं. पोलादी पट्ट्या खेचून कायमच्या लांब करावयाच्या तर जो जोर लागेल तो कोणाही माणसाच्या पायांत नाहीं. तरीही जुनी साखळी नवीपेक्षां लांब भरते, ही गोष्ट फूटपट्टी लावून कोणासही पाहतां येईल. ही वाढलेली लांबी येते कोठून, ती किती झाली म्हणजे साखळी टाकावी, आणि आजोबांच्या सायकलीची साखळी वर्षानुवर्षें चालत असतां नातवाच्या डोंगरी सायकलीची साखळी एका पावसाळ्यांत कां संपते, या प्रश्नांचीं उत्तरें गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासांत आहेत. त्या इतिहासाविषयीं आज बोलावयाचें योजिलें आहे.

साखळीनें एका चाकाची गति दुसऱ्या चाकास द्यावी ही कल्पना फार जुनी. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांतील बायझंटियमच्या फायलोननें लागोपाठ बाण सोडणाऱ्या एका यंत्राचें वर्णन केलें आहे, त्यांत अशी साखळी आहे. चीनमध्यें कैफेंग येथें सू सुंगनें ११ व्या शतकाच्या अखेरीस ज्योतिषाचा जो घटिका-मनोरा उभारला त्यांतही एक अखंड साखळी फिरत असे, आणि तिला 'आकाशाची शिडी' असें सुंदर नांव होतें. लिओनार्डो दा व्हिंचीच्या वह्यांत साखळ्यांचीं रेखाटनें आहेत. परंतु या साखळ्यांपैकीं एकीलाही ती परीक्षा द्यावी लागली नाहीं, जी सायकलच्या साखळीला रोज द्यावी लागते: माणसाचा सगळा भार ओढीत, उघड्या रस्त्यावरच्या धुळींत, लाखों वेळां वाकणें आणि सरळ होणें.

ही परीक्षा देऊं शकेल अशी साखळी सायकलवाल्यांनीं शोधून काढली नाहीं. ती कापडाच्या धंद्यानें दिली. १८२९ सालीं आंद्रे गाल या फ्रेंच कारागिरानें पट्ट्या व पिना यांची साधी साखळी केली. हा मनुष्य मूळचा कोरीव काम करणारा. त्याच्या साखळींत पातळ पट्टीच्या भोंकाची कड पिनेवर प्रत्यक्ष घासे. म्हणजे सगळा भार एका धारेवर. अशी साखळी सावकाश ओझें उचलावयास ठीक, वेगानें फिरावयास निरुपयोगी. १८६४ सालीं मँचेस्टरकडील जेम्स स्लेटरनें पिनेभोंवतीं एक पोकळ नळी, म्हणजे बुश, घालण्याची युक्ति काढली. पुढें हान्स रेनॉल्ड नांवाचा एक स्विस तरुण १८७३ सालीं मँचेस्टरला आला, १८७९ सालीं त्यानें स्लेटरचा सॅलफर्ड येथील लहानसा कारखाना विकत घेतला, आणि दुसऱ्याच वर्षीं त्या बुशाभोंवतीं आणखी एक सुटा फिरणारा रोलर बसवून पेटंट घेतलें. कापसाच्या गिरण्यांतील यंत्रें चालविण्यासाठीं हा सारा खटाटोप होता. आज आपल्या दारांतल्या सायकलीची साखळी तत्त्वतः १८८० ची ती साखळीच आहे. एवढ्या काळांत एवढें थोडें बदललेलें दुसरें यंत्रांग शोधूनच काढावें लागेल.

येथें क्षणभर थांबून या साखळीची रचना नीट ध्यानांत घेऊं, कारण पुढचें सर्व तिच्यावर अवलंबून आहे. साखळी म्हणजे एकापुढें एक बसविलेल्या शंभराहून अधिक बिजागऱ्या. प्रत्येक बिजागरींत एक पिन. ती बाहेरच्या दोन पट्ट्यांत घट्ट ठोकलेली. पिनेवर बुश, तो आंतल्या दोन पट्ट्यांत घट्ट. साखळी वाकते तेव्हां पिन बुशाच्या आंत फिरते. बुशावरचा रोलर चक्राच्या दांत्यावर टेकतो आणि घासण्याऐवजीं लोळतो. गालच्या साखळींत जो भार एका धारेवर येत होता तो आतां बुशाच्या सबंध लांबीवर पसरला. रेनॉल्डच्या साखळीचें सगळें सामर्थ्य येथें आहे. तिचें मरणही येथेंच आहे. पिन आणि बुश रोज एकमेकांना किंचित् किंचित् खातात. जुन्या दाराची बिजागरी झिजून दार जसें खालीं बसतें, तशी प्रत्येक बिजागरी अणुमात्र सैल होते, आणि अशा शंभर सैल बिजागऱ्यांची बेरीज म्हणजे 'ताणलेली' साखळी. पट्टी होती तेवढीच असते.

आंकडे घेतले म्हणजे हें अधिक स्पष्ट होईल. दोन लगतच्या पिनांमधील अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. डोंगरी सायकलीला साधारण ११६ कड्या लागतात. साखळीची लांबी १४७ सेंटिमीटरच्या आसपास. हींत शेंकडा अर्धा वाढ झाली म्हणजे हल्लींच्या बारीक साखळीचें आयुष्य संपलें असें समजतात. प्रत्येक बिजागरीच्या वांट्याला ही झीज किती येते? एका मिलिमीटरचे सोळा भाग केले तर त्यांतला एक. माणसाच्या डोक्यावरच्या केसाएवढी म्हणा. एवढ्याशा झिजेनें काय बिघडतें, असें कोणी विचारील. बिघडतें तें साखळीचें नव्हे, चक्राचें. दांत्यांमधील अंतर अर्ध्या इंचाचें आणि साखळीचें अर्ध्या इंचाहून थोडें अधिक, असें झालें कीं भार सगळ्या दांत्यांवर सारखा वांटला जात नाहीं. थोड्या दांत्यांनाच तो सोसावा लागतो. साखळी दांत्यावर वर सरकून बसते, दांत्याची कड खाते, आणि सरळ दांत्याचा हळूंहळूं आंकडा होतो. मग साखळी नवी आणली तरी ती त्या आंकड्यांत बसत नाहीं; जोर लावला कीं उडी मारते. थोडक्यांत, साखळी आपल्याबरोबर चक्राला घेऊन जाते.

आतां इतिहासाकडे वळूं. सायकलला साखळी कां लागली? त्यापूर्वीच्या उंच सायकलींना, ज्यांचें पुढचें चाक माणसाच्या छातीएवढें उंच असे, साखळी नव्हती. पेडल थेट चाकालाच. वेग हवा तर चाक मोठें करावयाचें, आणि चाक किती मोठें हें स्वाराच्या तंगडीनें ठरवावयाचें! १८७९ सालीं एच्. जे. लॉसननें साखळीनें मागचें चाक फिरविणारी दुचाकी काढली; तिला यश आलें नाहीं. १८८५ सालीं कॉव्हेंट्री येथील जॉन केंप स्टार्लीनें 'रोव्हर' बाजारांत आणली, आणि तेथून पुढें सायकल म्हणजे काय हा प्रश्न कोणाला पडला नाहीं. पुढें ४४ दांते, मागें १८, आणि २८ इंची चाक एवढ्या सामग्रीवर जमिनीलगत बसलेला मनुष्य ६८ इंची, म्हणजे साडेपांच फुटांहून उंच, चाकाचा वेग घेऊं लागला. चढतां येणार नाहीं असें चाक साखळीनें त्याच्या पायाखालीं आणून ठेविलें. जातां जातां एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. 'रोव्हर'ला तीनच वर्षें झालीं होतीं तेव्हां, १८८८ सालीं, लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधु यांनीं बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें. महाराष्ट्रांतील एका मोठ्या उद्योगाची सुरुवात अशी सायकलीपासून झाली आहे.

साखळी आली, तशी तिच्याविषयींची तक्रारही आली. उंच सायकलीच्या स्वाराला तेल, चिखल व काळें झालेलें पाटलोण हीं दुःखें ठाऊक नव्हतीं. १८९० नंतरच्या दहा वर्षांत साखळीला घालवून देण्याचे जोराचे प्रयत्न झाले. फ्रान्समध्यें 'अकातेन', म्हणजे साखळीविना, अशा नांवाची सायकल निघाली. अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनेंही दांत्यांच्या चाकांनीं व दांड्यानें फिरणारी सायकल काढली. या सायकली स्वच्छ होत्या, पण जड व महाग होत्या. स्वाराच्या श्रमाचा बराच भाग त्यांच्या चाकांतच खर्ची पडे. विल्यम सिंपसन या गृहस्थानें उलट दिशेनें धांव घेतली: त्यानें त्रिकोणी कड्यांची एक विचित्र साखळी काढून तिच्यांत तरफेची शक्ति आहे असा गवगवा केला. १८९६ च्या जून महिन्यांत लंडनजवळ कॅटफर्ड येथें साध्या साखळीशीं तिच्या जाहीर शर्यती झाल्या. सिंपसनचे स्वार जिंकले. कारण ते स्वार चांगले होते. साखळीनें शक्ति उत्पन्न होत नाहीं, ती फक्त पोंचती होते, हें यंत्रशास्त्र शिकलेल्या कोणालाही ठाऊक होतें. मौज अशी कीं, या साखळीची जाहिरात काढण्याचें काम पॅरिसमध्यें तुलूझ-लोत्रेकसारख्या चित्रकाराकडे आलें, आणि यंत्राचें रेखाटन बरोबर नाहीं म्हणून त्याचें एक चित्र नाकारण्यांत आलें. आज ती साखळी कोणास आठवत नाहीं. चित्रें संग्रहालयांत आहेत.

खरा उपाय याहून साधा होता, आणि इंग्रज कारागिरांनीं तो केला. साखळी बदलूं नका, तिला झांकून ठेवा. हॅरिसन कार्टरनें तेलाची बंद पेटी काढली. वुल्व्हरहँप्टनच्या जॉन मार्स्टननें आपल्या 'सनबीम' सायकलींवर ती प्रसिद्धीस आणली. पत्र्याच्या बंद पेटींत साखळी थोड्या तेलांत फिरे. धूळ आंत येत नसे, तेल बाहेर जात नसे. एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकारानें १९०० सालीं अशी एक सायकल घेऊन तिला 'मिस्टर फीबस' हें नांव दिलें होतें. या पेटींतील साखळी वर्षानुवर्षें टिके यांत नवल नाहीं. झीज करणारी वाळूच तिच्यापर्यंत पोंचत नसे. आपल्याकडील जुन्या सायकलींवरचें पत्र्याचें चेनकव्हर हें या पेटीचेंच गरीब नातेवाईक. त्यांत तेल नसे, पण पाटलोण वांचे, आणि साखळीवर रस्त्याची निम्मी धूळ पडत नसे. पुण्यासारख्या शहरांत, जेथें एके काळीं सायकली हेंच मुख्य वाहन होतें, त्या कव्हराचे उपकार कारकुनांनीं व विद्यार्थ्यांनीं मानावयास हवेत.

मग ही पेटी गेली कशी? डोंगरामुळें गेली. सेंत एत्येन या फ्रेंच गांवीं पॉल द व्हिव्ही राहात असे. 'व्हेलोसिओ' या टोपणनांवानें तो लिही. चढावावर एक चक्र व सपाटीवर दुसरें असावें असा त्याचा आग्रह होता, आणि त्यासाठीं त्यानें नाना प्रयोग केले. शेवटीं जी युक्ति जगांत टिकली ती अशी कीं, मागें लहानमोठीं अनेक चक्रें बसवावीं आणि साखळीलाच आडवी ढकलून एकावरून दुसरीवर न्यावी. ही युक्ति पाहतांच जुन्या कारागिरांना शहारे आले असतील. सरळ चालण्यासाठीं केलेली साखळी हे लोक तिरकी चालवूं लागले! टूर द फ्रान्स या शर्यतीचे चालक आंरी देग्रांज यांना हें यंत्र मुळींच मान्य नव्हतें. त्यांचे स्वार खालीं उतरून मागचें चाक उलटें करीत व दुसऱ्या बाजूचें चक्र वापरीत. १९३७ सालीं शर्यतींत ह्या यंत्राला मोकळीक मिळाली. पण आडव्या सरकणाऱ्या साखळीला बंद पेटी घालतां येत नाहीं. तेव्हांपासून साखळी उघडी पडली ती पडलीच.

उघडी पडली तरी बरीच वर्षें ती डांबरी रस्त्यावर होती. चिखलांत तिला नेलें तें कॅलिफोर्नियांतील कांहीं तरुणांनीं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन परगण्यांत टॅमलपाय पर्वताच्या आसपास हे लोक १९३० ते ४० च्या सुमाराच्या जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगर उतरत. १९७६ च्या ऑक्टोबरांत फेअरफॅक्स गांवाजवळच्या उतारावर त्यांनीं शर्यत लावली. दोन मैलांच्या आसपास अंतर, आणि सुमारे १३०० फूट उतार. मागच्या चाकांतील ब्रेक इतका तापे कीं आंतलें ग्रीस जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे. म्हणून त्या शर्यतीचें नांवच 'रीपॅक', म्हणजे पुन्हां भरणें, असें पडलें. पुढें डोंगर उतरावयाचा तसा चढावयाचाही म्हणून जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची प्रभृतींनीं अनेक गतींच्या सायकली बांधल्या, आणि १९८१ सालीं 'स्टंपजंपर' ही पहिली मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली डोंगरी सायकल आली.

या सायकलीनें साखळीकडून काय मागितलें तें पाहा. सत्तर किलो वजनाचा मनुष्य साध्या सायकलीच्या पेडलावर उभा राहिला तर, पुढें ४४ दांते असतां, साखळीवर सुमारे १३० किलोंचा ताण येतो. डोंगरी सायकलीचें पुढचें चक्र लहान, ३२ दांत्यांचें. तोच मनुष्य तेथें १९० किलोंचा ताण आणतो. (साखळी तुटावयास आठशे किलोंहून अधिक लागतात, म्हणून ती ताणली जात नाहीं हें मीं आरंभीं सांगितलें.) मागें १० दांत्यांचें चक्र असेल तर प्रत्येक कडी ३६ अंशांनीं वाकते; २० दांत्यांवर ती १८ च अंश वाकते. जितकें वाकणें अधिक तितकें पिनेचें घासणें अधिक. म्हणून लहान चक्रें आधीं संपतात. त्यांत भर चिखलाची. गारगोटीची बारीक वाळू तेलांत कालवली कीं सहाणेवर उगाळावें तसें पोलाद उगाळलें जातें. वरून मळलेल्या साखळीला तेल पाजणें म्हणजे ही उटी पिनेपर्यंत पोंचविणें होय. आधीं पुसावें, मग तेल द्यावें, आणि बाहेर राहिलेलें तेल पुन्हां पुसून काढावें.

तेलाविषयीं एक शोध येथें सांगतों. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत जेम्स स्पायसर यांनीं १९९९ सालीं साखळीची परीक्षा केली, तेव्हां स्वाराच्या शक्तीपैकीं शेंकडा ९८.६ पर्यंत भाग ती मागच्या चाकाला पोंचविते असें आढळलें. आणि प्रयोगशाळेंतील स्वच्छ साखळीवर तेल असण्या-नसण्यानें या आंकड्यांत फारसा फरक पडला नाहीं. तेल वेगासाठीं नसून आयुष्यासाठीं आहे असाच याचा अर्थ मी घेतों.

मधल्या काळांत कारखानदारही स्वस्थ नव्हते. १९७८ सालीं जपानच्या शिमानो कंपनीनें फ्रीव्हीलची खुटखुट चाकाच्या तुंब्यांतच बसवून त्यावर चक्रांची जुडी सरकविण्याची पद्धत आणली. हीच कॅसेट. १९८० च्या सुमारास सेडिस या फ्रेंच कंपनीनें अखंड बुशच काढून टाकला, आणि आंतल्या पट्ट्यांनाच दोन लहान कॉलर उठवून त्यांवर काम भागविलें. साखळी आडवी लवचीक झाली, स्वस्त झाली. दोन कॉलरांमधील फटींतून तेलाला वाट मिळाली, तशी वाळूलाही मिळाली. मागचीं चक्रें पांचांचीं सहा, सातांचीं आठ अशी वाढत २०१६ सालीं डोंगरी सायकलीवर बारा झालीं, सर्वांत लहान १० दांत्यांचें व सर्वांत मोठें ५० चें. तेवढ्याच जागेंत बारा चक्रें बसवावयाचीं म्हणून साखळी बारीक झाली: पूर्वीं सात मिलिमीटरांहून अधिक रुंद, आतां पांचांहून थोडी अधिक. न्यायानें तिचें आयुष्य फारच घटावयास हवें होतें. तसें झालें नाहीं, कारण पिनांचें पोलाद व त्यावरचा कठीण लेप हीं दोन्ही पुष्कळ सुधारलीं. घटली ती चूक सहन करण्याची शक्ति. जाड साखळीला शेंकडा एक वाढ होईपर्यंत लोक चालवीत, मग दहा चक्रांपर्यंत पाऊण टक्का ही मर्यादा धरली गेली, अकरा-बारांना अर्धाच.

आणि किंमत? पूर्वीं फ्रीव्हीलवरचें एकादें झिजलेलें चक्र सुटें मिळे व बदलतां येई. हल्लींच्या भारी कॅसेटींत बरींच चक्रें एका ठोकळ्यांतून कोरून काढलेलीं असतात. लहान दोन झिजलीं तरी सगळी जुडी जाते, आणि जुडीची किंमत साखळीच्या कित्येक पट. रोज कचेरींत जावयाचें असेल, वाटेंत घाट नसेल, तर ही उघडी बारा चक्रें घेण्यांत मला शहाणपण दिसत नाहीं. तेथें झांकलेली साखळी व एक-तीन गति पुरे. डोंगरावर मात्र तिला पर्याय नाहीं, आणि मग हिशेब समजून घेतलाच पाहिजे.

किती मैलांनीं साखळी बदलावी असें विचारणाऱ्याला एक आंकडा देतां येत नाहीं. कोरड्या वाटेवर काळजी घेणाऱ्याची दोन-तीन हजार किलोमीटर जाईल. पावसाळ्याच्या वाळूमिश्रित चिखलांत तीच कांहीं शें किलोमीटरांत संपेल. म्हणून मैल मोजूं नयेत, साखळी मोजावी. बारा इंची पोलादी पट्टी घ्या. शून्याची रेघ एका पिनेच्या मध्यावर ठेवा. नव्या साखळींत चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर येते. ती एक सोळांश इंच पुढें गेली असेल तर साखळी आजच बदला, कॅसेट वांचेल. एक अष्टमांश पुढें गेली असेल तर कॅसेटही गेली असें धरून चाला. दुकानांत खुपसून पाहण्याचें एक लहान हत्यार मिळतें. तें सोयीचें आहे, पण त्यांतील बरींचशीं रोलरची झीजही मोजणींत धरतात, जिचा लांबीशीं संबंध नाहीं. पट्टी पिनेपासून पिनेपर्यंत मोजते.

वेळींच बदलल्यास एका कॅसेटवर तीन साखळ्या सहज निघतात असा अनुभवी लोकांचा अंदाज आहे. कांहीं स्वार आरंभींच तीन साखळ्या विकत घेतात व त्या आळीपाळीनें घालतात, म्हणजे साखळ्या व दांते बरोबरीनें झिजतात. आणि ज्याची वेळ टळून गेली, ज्याच्या साखळीनें एक अष्टमांशाची रेघ केव्हांच ओलांडली, त्यानें घाईनें नवी साखळी आणूं नये. ती जुन्या दांत्यांवर उड्या मारील. जुनी साखळी व जुनी कॅसेट एकमेकींना सरावलेल्या असतात. त्या दोघींना तशाच चालूं द्यावें, आणि जोर लावतांच साखळी निसटूं लागली म्हणजे दोन्ही एकदमच बदलाव्या.